पाणी, ईबी की टीई? तयार लायब्ररी कशात ठेवायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. शेतातल्या मातीमधल्या जिवाणूंवर पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने ४८ नमुन्यांच्या १६एस लायब्ररी बनवल्या आहेत, म्हणजे जिवाणू ओळखायला वापरतात त्या १६एस जनुकाचे तुकडे, सिक्वेन्सिंगसाठी टोकांना अडॅप्टर (ठरावीक डीएनए तुकडे) जोडून तयार केलेले. पहिल्या २४ कॉलम किटबरोबर आलेल्या ईबीमध्ये (एल्यूशन बफर) एल्यूट केल्या, म्हणजे शुद्धीकरणानंतर त्यात सोडवून घेतल्या. मग ईबीची बाटली संपली, म्हणून पुढच्या २४ न्यूक्लिएज-फ्री (डीएनए तोडणारी एन्झाइम नसलेल्या) पाण्यात. सिक्वेन्सिंग बाहेरून करून घ्यायचं आहे आणि रन भरेपर्यंत तीन-चार महिने जातील. गाईड सांगतात, टीईमध्ये (ट्रिस हा बफर आणि धातूचे आयन पकडणारं ईडीटीए) ठेव. लॅबमधली सीनियर म्हणते, ईडीटीए घातलंस की लायब्ररी गेली. किटच्या पुस्तिकेत तिसऱ्याच बफरचं नाव आहे, आणि वर लिहिलंय की लायब्ररी सातच दिवस ठेवता येते. ऐकायचं कुणाचं?

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. १० मिलिमोलार ट्रिस, ०.१ मिलिमोलार ईडीटीए, पीएच ८.०. याला लो-टीई म्हणतात. लायब्ररी त्यात ठेवा, पातळ न करता, लो-बाइंड (डीएनए कमी चिकटणाऱ्या) ट्यूबमध्ये, उणे २० अंशांना. ईबीतल्या २४ ट्यूबना हात लावू नका, त्या ठीक आहेत. पाण्यातल्या २४ ना आजच्या आज बफर द्या. कसा, ते शेवटी सांगतो. ट्वीन-२० हे डिटर्जंट साठवणीच्या ट्यूबमध्ये नको, पातळ केलेल्या ट्यूबमध्ये मात्र हवं.

तुमचे गाईड आणि सीनियर दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. फक्त दोघं वेगवेगळ्या ट्यूबबद्दल बोलतायत. 'ईडीटीए वाईट' हा नियम लायब्ररी बनवण्याआधीच्या डीएनएचा आहे. टॅगमेंटेशन करणारं (डीएनए कापून तिथेच अडॅप्टर जोडणारं) ट्रान्सपोझेज किंवा डीएनएचे तुकडे करणारी एन्झाइम मॅग्नेशियमवर चालतात. ईडीटीए मॅग्नेशियमला एकास एक पकडतं. म्हणून डीएनए पूर्ण टीईमध्ये, म्हणजे १ मिलिमोलार ईडीटीएमध्ये असेल, तर तुकडे अपेक्षेपेक्षा लांब पडतात. काही किटांमध्ये तर हे ईडीटीए निपटायला वेगळं कंडिशनिंग सोल्यूशन दिलेलं असतं. ज्याचा हात एकदा इथे पोळला, तो पुढे सगळीकडेच ईडीटीए फुंकून पितो. पण तुमच्या ट्यूबमध्ये आता तयार लायब्ररी आहे. तिला पुढे कुठल्या मॅग्नेशियमवाल्या एन्झाइमला सामोरं जायचंय? क्यूपीसीआरसाठी (पीसीआरने लायब्ररीचं प्रमाण मोजायला) तुम्ही ती दहा हजार पट पातळ करणार. पूर्ण टीईमधलं १ मिलिमोलार ईडीटीए तिथे ०.१ मायक्रोमोलार उरतं. पीसीआरमध्ये मॅग्नेशियम असतं दीड-दोन मिलिमोलार. त्याच्या खिजगणतीतही ते येत नाही.

अडचण येते ती लायब्ररीला पुन्हा दोन-चार सायकल वाढवायची वेळ आली तर. ५० मायक्रोलिटरच्या पीसीआरमध्ये पूर्ण टीईतली ५ मायक्रोलिटर लायब्ररी घातली, तर ईडीटीए ०.१ मिलिमोलार होतं, चालून जातं. २० मायक्रोलिटर घातली तर ०.४ होतं. डीएनटीपी, म्हणजे डीएनएचे सुटे घटक, हेसुद्धा मॅग्नेशियम धरून बसतात हे लक्षात घेतलं, तर मोकळ्या मॅग्नेशियमचा बराच भाग तिथे जातो. लो-टीईमध्ये हाच आकडा ०.०४ आहे. म्हणून मी गाईडचं अर्धं ऐकतो: टीई, पण ईडीटीए एक दशांश.

मग तेवढं तरी ईडीटीए हवं कशाला? न्यूक्लिएजसाठी. डीएनेज-१ ला मॅग्नेशियम-कॅल्शियम लागतं. हे आयन डीएनएबरोबर, बीड्सबरोबर (क्लीनअपचे चुंबकीय मणी), काचेतून, पाण्यातून मायक्रोमोलार प्रमाणात येतच असतात, आणि तेवढे उचलायला ०.१ मिलिमोलार पुरतं. सगळे न्यूक्लिएज ईडीटीएला बधतात असं मात्र नाही. डीएनेज-२ ला धातूचे आयन लागतच नाहीत, पण त्याला आम्ल हवं असतं. म्हणजे त्याची वाट ईडीटीए नाही, पीएच अडवतो. माझ्या लेखी या बफरमध्ये कर्ता पुरुष ट्रिस आहे आणि ईडीटीए राखणदार. ईबीत राखणदार नाही, नुसतं १० मिलिमोलार ट्रिस आहे, पीएच ८.५, तरी स्वच्छ हाताने बनवलेल्या लायब्ररी त्यात वर्षानुवर्षं नीट राहिलेल्या मी पाहिल्या आहेत.

ईबीचा पीएच ८.५ का, याची एक छोटी गंमत. तो साठवणीसाठी निवडलेला आकडा नाही. सिलिका कॉलमवर डीएनए भरपूर क्षारात चिकटतो आणि कमी क्षारात, किंचित अल्कलीत सुटतो. एल्यूशनची ही सोय पाहून तो बफर ठरला. नंतर बीड्स आले, कॉलम मागे पडले, पण बाटली तीच राहिली. आपल्याकडे बहुतेक लायब्ररींचा 'साठवणीचा बफर' म्हणजे ज्यात एल्यूट केलं तो बफर. निवड अशी कुणी केलेलीच नसते. ८.५ ने काही बिघडत नाही. फक्त त्या पीएचला ट्रिसचा सुमारे चतुर्थांश भागच आयन स्वरूपात असतो, ८.० ला साधारण निम्मा. म्हणजे ईबीमध्ये धन आयन अडीच-पावणेतीन मिलिमोलार आणि लो-टीईमध्ये पाचेक. हा फरक बारीक वाटेल, पण पाण्याचं कोडं इथूनच सुटतं.

पाण्याबद्दल आपल्याकडे उगाच श्रद्धा आहे. मिली-क्यू या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा मीटर १८.२ मेगाओम दाखवतो, म्हणजे पाणी शुद्ध, म्हणजे उत्तम. शुद्ध आहे म्हणूनच ते साठवणीला वाईट. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळला की अशा पाण्याचा पीएच साडेपाचच्या आसपास येतो, आणि त्याला थोपवायला आत कुणीच नसतं. दुसरी गोष्ट आयनांची. डीएनएच्या दोन्ही साखळ्या ऋणभारित. मधे धन आयन नसतील तर त्या एकमेकींना ढकलतात. लायब्ररी जितकी पातळ आणि पाणी जितकं स्वच्छ, तितक्या कमी तापमानाला साखळ्या सुटायला लागतात. लहान दुहेरी साखळीला हे जास्त जाचतं. म्हणून तर अडॅप्टर पातळ करताना पाणी वापरू नका, १० मिलिमोलार ट्रिसमध्ये १० मिलिमोलार मीठ घाला, असं पुस्तिका बजावून सांगतात. १६एस जनुकाच्या व्ही३-व्ही४ भागाची लायब्ररी अडॅप्टरसकट ६३० बेसपेअरच्या आसपास असते, ती अडॅप्टरपेक्षा पुष्कळ दणकट. पण २ नॅनोमोलारला पाण्यात आणून ठेवलीत, तर तिचीही खात्री मी देणार नाही.

रासायनिक झीज म्हणाल, तर तिची भीती आपण जरा जास्तच बाळगतो. १९७२ मध्ये लिंडाल आणि नायबर्ग यांनी डीएनएमधून प्युरीन (ए आणि जी हे बेस) गळण्याचा वेग मोजला होता. हेच ते टोमास लिंडाल, ज्यांना २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. ३७ अंशांना, पीएच ७.४ ला, दुहेरी साखळीत हा वेग एका प्युरीनमागे सेकंदाला सुमारे ३ गुणिले १० चा उणे ११ वा घात. आता तुमची ६३० बेसपेअरची लायब्ररी घ्या. प्रत्येक बेसपेअरमागे एक प्युरीन. गुणाकार केला तर शरीराच्या तापमानाला महिनाभर ठेवल्यावर साधारण वीस रेणूंमागे एकाचं एक प्युरीन गेलेलं असेल. ३७ अंश, पूर्ण महिना! उणे २० ला, पीएच ८ ला, चार महिन्यांत काय होणार? नाव घेण्याजोगं काही नाही. आम्ल वाढलं की हा वेग वाढतो, आणि एकेरी साखळीत सायटोसीनचं युरॅसिल होण्याचा वेग दुहेरीच्या शंभर पटींहून जास्त असतो. पाण्यातल्या, टेबलावर तासन्‌तास पडून राहिलेल्या लायब्ररीला हे दोन्ही लागू पडतं. बफरमधल्या, गोठलेल्या लायब्ररीला नाही.

मग लायब्ररी खराब होतात त्या कशाने? माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त ट्यूबच्या भिंतीने. पॉलिप्रॉपिलीन डीएनए धरून ठेवतं. भिंतीला लागतो तो डीएनए साधारण ठरलेला असतो. तुमच्याकडे भरपूर असेल तर तो जाणवत नाही, थोडाच असेल तर त्यातला मोठा वाटा जातो. आकडा मनात असू द्या: ६३० बेसपेअरला १० नॅनोमोलार म्हणजे ४.२ नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर, आणि ४ नॅनोमोलार म्हणजे जेमतेम १.७. तुमच्या क्लीनअपनंतर क्यूबिट या डीएनए मोजायच्या यंत्रावर २० नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर आले असतील, तर लायब्ररी ४८ नॅनोमोलारची आहे. ती तशीच ठेवा. 'पुढे सोपं जावं' म्हणून सगळ्या लायब्ररी ४ नॅनोमोलारला आणून ठेवायची सवय मी कितीतरी लॅबमध्ये पाहिली. मीही एकदा केलं होतं. दोन डझन लायब्ररी पाण्यात २ नॅनोमोलारला आणल्या, साध्या ट्यूबमध्ये भरल्या आणि फ्रिजच्या दारात ठेवून गणपतीला गावी गेलो. परत येऊन क्यूपीसीआर लावला, तर काहींचे आकडे निम्म्यावर आणि काहींचे जागच्या जागी. निम्म्याचं दुःख नाही. सगळ्याच निम्म्या झाल्या असत्या तर चाललं असतं. पण प्रत्येक ट्यूब आपल्या मनाने घसरली, म्हणजे पूलिंगचा (सगळ्या लायब्ररी ठरल्या प्रमाणात एकत्र करण्याचा) हिशेब मुळातून परत. तेव्हापासून पातळ लायब्ररी ही नाशवंत वस्तू असं मी धरून चालतो, दुधासारखी. त्या दिवशी करायची, त्या दिवशी वापरायची.

इथे ट्वीन-२० कामाला येतं. ०.०५ ते ०.१ टक्के ट्वीन भिंतीवर आधी जाऊन बसतं आणि डीएनएला जागा उरत नाही. क्यूपीसीआरच्या डायल्यूशन बफरमध्ये १० मिलिमोलार ट्रिसबरोबर ०.०५ टक्के ट्वीन असतं, ते याचसाठी. काही नव्या मशीनमध्ये डीनेचरेशन (साखळ्या सोडवणं) मशीनच करतं आणि लायब्ररी नॅनोमोलारच्याही खाली आणून भरायची असते. तिथेही ट्वीन घातलेलं ट्रिस वापरायला सांगतात. मग साठवणीच्या ट्यूबमध्येच का घालू नये? कारण पुढे त्या ट्यूबचं काय होईल ते आज ठाऊक नसतं. तुकड्यांची लांबी तपासणाऱ्या बायोअ‍ॅनलायझरच्या चिपमध्ये डिटर्जंट गेलं की बुडबुडे आणि वेड्यावाकड्या रेषा. बीड्सने पुन्हा क्लीनअप करताना फेस. स्पीडव्हॅकमध्ये (निर्वातात वाळवणारं यंत्र) वाळवलं तर पाणी जातं आणि ट्वीन पाकासारखं तळाशी राहतं. शिवाय जुनं, उघडून ठेवलेलं ट्वीन हवेने ऑक्सिडाइज होतं, त्यात पेरॉक्साइड तयार होतात. ४० नॅनोमोलारच्या ट्यूबला ही सगळी झंझट कशाला? घालायचंच झालं तर मॉलिक्युलर बायोलॉजी ग्रेडचं १० टक्के द्रावण घ्या. शंभर टक्के ट्वीन पिपेटने मोजणं म्हणजे काकवी मोजणं. टिपच्या बाहेर जेवढं लागतं, तेवढं आत नसतं.

आता पुस्तिकेतले सात दिवस. काही किट सात दिवस म्हणतात, काही तीस. हा आकडा म्हणजे कंपनीने तपासून हमी दिलेली मुदत. दुधाच्या पिशवीवरच्या तारखेसारखी तिची धास्ती घेऊ नका. आठव्या दिवशी लायब्ररीला काही होत नाही. बफर नीट, प्रमाण दाट, झाकण घट्ट असेल तर चार महिने अजिबात जास्त नाहीत. फक्त पूलिंगच्या तोंडावर प्रत्येक ट्यूब पुन्हा मोजा. आणि पूल आत्ता करून ठेवू नका! प्रत्येक लायब्ररी स्वतंत्र ठेवा. पॅटर्न्ड फ्लोसेलच्या (ठरावीक खळगे असलेल्या काचेच्या) मशीनवर पूलमध्ये उरलेले मोकळे अडॅप्टर आणि प्रायमर इंडेक्स हॉपिंग, म्हणजे एका नमुन्याचे रीड दुसऱ्याच्या नावावर जाणं, वाढवतात. क्लीनअप चांगला आणि पूलिंग शेवटच्या क्षणी, हाच त्यावरचा स्वस्त उपाय. मातीच्या नमुन्यांत तर दुर्मीळ जिवाणूच शोधायचे असतात. शेजारच्या नमुन्याचे चार रीड इकडे आले की तुमचा 'दुर्मीळ जिवाणू' तयार.

फ्रीझर कुठला, हे बफरइतकंच महत्त्वाचं आहे. घरगुती, आपोआप बर्फ वितळवणारा फ्रॉस्ट-फ्री फ्रीझर दर थोड्या वेळाने आतल्या भिंती तापवतो. ट्यूब पूर्ण वितळत नाहीत, पण ओल्या-सुक्या होत राहतात. ६०० बेसपेअरचा तुकडा गोठण्या-वितळण्याने तुटत नाही. ती काळजी लांब जीनोमिक डीएनएची. इथे त्रास निराळा आहे: पाणी तळातून उडून झाकणाला जाऊन बसतं. दीड मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये २५ मायक्रोलिटर ठेवलेत, तर वर सगळी मोकळी हवा. महिन्यांनी उघडा, तळाशी पंधरा आणि झाकणाला दव. म्हणून छोट्या ट्यूब घ्या, ०.२ किंवा ०.५ मिलिलिटरच्या. वितळल्यावर आधी स्पिन, मग बोटाने टिचक्या मारून मिसळणं, परत स्पिन, मगच टिप आत. वितळलेलं द्रव सगळीकडे सारखं नसतं. न मिसळता वरून २ मायक्रोलिटर उचललेत तर क्यूबिट खोटं बोलेल, आणि चूक तुम्ही बफरवर ढकलाल. पावसाळ्यात वीज गेली आणि जनरेटर चालू झाला नाही, तर लो-टीईतल्या लायब्ररीची झोप उडवून घेऊ नका. एक शनिवार-रविवार वितळून पडलेल्या लायब्ररी आम्ही सोमवारी मोजल्या, आकडे जागेवर होते. त्याच फ्रीझरमधल्या एन्झाइमसाठी मात्र रडावं लागलं.

बफर घरी बनवणार असाल तर हिशेब सोपा आहे. १०० मिलिलिटरला १ मोलार ट्रिस-एचसीएल, पीएच ८.०, १ मिलिलिटर, ०.५ मोलार ईडीटीए, पीएच ८.०, २० मायक्रोलिटर, बाकी पाणी. ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, छोट्या ट्यूबमध्ये वाटा, उघडलेली ट्यूब परत साठ्यात ठेवू नका. खरा घोटाळा पीएच लावताना होतो. ट्रिसचा पीएच तापमानाबरोबर सरकतो, दर अंशाला सुमारे ०.०२८. एसी बंद, मे महिना, लॅबमध्ये ३२ अंश, आणि तुम्ही मीटरवर ८.० लावलात, तर २५ अंशांना तो ८.२ आहे. फ्रिजमध्ये ४ अंशांना आणखी पुढे, पावणेनऊपाशी. लायब्ररीला याने काही होत नाही, ७.५ ते ८.५ मध्ये कुठेही असा. पण ॲसिड घातल्यावर द्रावण गरम असतानाच आकडा वाचून मोकळे होणारे पाहिले आहेत, आणि असा बफर दर वेळी निराळा बनतो. डीईपीसी ट्रिसमध्ये घालू नका. ते ट्रिसच्या अमाइन गटाशीच भिडतं आणि न्यूक्लिएजला मारायला उरत नाही. डीईपीसी पाण्याला, मग ऑटोक्लेव्ह, मग त्या पाण्यात ट्रिस.

ट्रिस जास्त घातलं तर जास्त सुरक्षित, असंही एकाने विचारलं होतं. नको. लायब्ररी मशीनवर चढवताना जुन्या पद्धतीत ०.२ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने साखळ्या सोडवतात: ४ नॅनोमोलारचे ५ मायक्रोलिटर, तितकंच हायड्रॉक्साइड, मग ९९० मायक्रोलिटर थंड हायब्रिडायझेशन बफर, झाली २० पिकोमोलार. १० मिलिमोलार ट्रिस या हायड्रॉक्साइडचा किरकोळ भाग खातं. १०० मिलिमोलार ट्रिस असेल तर तो भाग किरकोळ राहत नाही, साखळ्या अर्धवट सुटतात आणि क्लस्टर (मशीन वाचतं ते डीएनएचे पुंजके) कमी पडतात. मग बिचाऱ्या सिक्वेन्सिंग सेंटरला आपण शिव्या घालतो.

काही लायब्ररींना माझं हे लो-टीईचं मत लागू नाही. नॅनोपोर सिक्वेन्सरच्या तयार लायब्ररीला अडॅप्टरबरोबर मोटर प्रोटीन जोडलेलं असतं. ती नुसती डीएनए नाही, अर्धी प्रोटीन आहे. तिला किटमधलाच एल्यूशन बफर द्या, व्हॉर्टेक्स करू नका, थोड्या दिवसांसाठी किंवा पुन्हा फ्लोसेलवर घालायची असेल तर ४ अंशांना ठेवा. तीन महिन्यांहून जास्त ठेवायची असेल तर एकदाच वापरायच्या मापाने वाटून उणे ८० ला. दुसरा अपवाद एक्झोम किंवा पॅनेल कॅप्चरचा, म्हणजे हवी तेवढीच जनुकं वेचून घेण्याचा. तिथे आठ-आठ लायब्ररी एकत्र करून स्पीडव्हॅकमध्ये वाळवतात. पाणी उडतं, ईडीटीए उडत नाही. आठ लायब्ररी, प्रत्येकी २० मायक्रोलिटर पूर्ण टीईमध्ये, असं १६० मायक्रोलिटर वाळवून १६ मध्ये घेतलंत, तर ईडीटीए १० मिलिमोलार आणि ट्रिस १००. म्हणून कॅप्चरच्या पुस्तिकांमध्ये पाण्यात एल्यूट करा असं आढळतं, आणि तिथे ते योग्यच आहे. तुमच्या लॅबमध्ये कुणीतरी त्या पुस्तिकेतून 'पाणी चालतं' हे उचललं असण्याची शक्यता मला दाट वाटते.

सिक्वेन्सिंग सेंटरला ट्यूब पाठवताना जेल-आइसचे पॅक पुरतात. दुहेरी साखळीच्या लायब्ररीला ड्राय आइसची गरज नाही. आणि पाठवलंच ड्राय आइसवर, तर झाकणांवर पॅराफिल्म गुंडाळा. तो बर्फ म्हणजे शुद्ध कार्बन डायऑक्साइड. सैल झाकणातून आत शिरला की वितळताना पीएच खाली ओढतो. १० मिलिमोलार ट्रिस थोडा तग धरतं, पाणी अजिबात नाही. सोबतच्या फॉर्मवर 'बफर' असा रकाना असतो, तो रिकामा सोडू नका. ट्यूबवरही लिहा: लायब्ररीचा क्रमांक, बफर, तारीख, नॅनोमोलार. सहा महिन्यांनी 'बी-१७' एवढंच लिहिलेली ट्यूब हातात येते तेव्हा ती पाण्यात होती की ईबीत, हे वास घेऊन कळत नाही.

आता त्या पाण्यातल्या २४. दहापट दाट लो-टीई बनवा: १०० मिलिमोलार ट्रिस, १ मिलिमोलार ईडीटीए, पीएच ८.०. ट्यूब बर्फावर वितळवा, स्पिन करा, आत किती उरलंय ते पिपेटने मोजा. २७ मायक्रोलिटर असेल तर ३ घाला. म्हणजे नऊ भागांना एक भाग. मिसळा, स्पिन करा. साध्या ट्यूबमध्ये असतील तर त्याच वेळी लो-बाइंडमध्ये हलवा. पुन्हा बीड्सने क्लीनअप करून बफर बदलायचा मोह होईल. करू नका, प्रत्येक क्लीनअपमध्ये थोडी लायब्ररी जाते आणि इथे त्याची गरज नाही.

मग या २४ मधल्या चार ट्यूब आणि ईबीतल्या दोन घ्या आणि तीन मोजमापं करा: क्यूबिट, क्यूपीसीआर आणि बायोअ‍ॅनलायझर किंवा टेपस्टेशन. लायब्ररी बनवली त्या दिवशीचे आकडे वहीत असतीलच, त्यांच्याशी ताडून पाहा. बफर घातल्याने प्रमाण दहा टक्के उतरलेलं असणार, तो हिशेब आधी वजा करा. क्यूबिट घसरलंय पण क्यूपीसीआर जागेवर आहे, असं दिसलं तर साखळ्या सुटल्या आहेत. क्यूबिटचा रंग दुहेरी साखळीच पाहतो, क्यूपीसीआरला एकेरीही चालते. घाबरू नका, सिक्वेन्सरवर चढण्याआधी ती एकेरी होणारच होती. फक्त पूलिंग क्यूपीसीआरच्या आकड्यांवर करा. आणि तापवून हळूहळू थंड करून साखळ्या परत जुळवायला जाऊ नका. १६एसमध्ये वेगवेगळ्या जिवाणूंचे तुकडे बरेचसे सारखे असतात, चुकीच्या जोड्या जुळतील आणि बायोअ‍ॅनलायझरवर दुसरंच शिखर उगवेल. दोन्ही आकडे घसरलेत आणि शिखर जागेवर आहे, तर डीएनए भिंतीने घेतलाय. उरलेलं वापरता येईल. शिखर डावीकडे सरकलंय, पसरलंय, तर न्यूक्लिएज शिरलंय. ती लायब्ररी मूळ डीएनएपासून परत बनवा. आणि दोन्ही आकडे उलट वाढलेत तर ट्यूबमधलं पाणी उडालंय. मग आधी झाकणं बघा.

सहाही ट्यूबचे आकडे, जुने आणि नवे, इथे टाकलेत तर पूलिंगचं प्रमाण काढायला मदत करतो.